एका हॉटेलात चार कंपन्यांची सॉफ्टवेअर: जोडायची कशी, आणि जोडून घ्यायची कुणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात कांदोळीला 26 खोल्यांचं हॉटेल, खाली रेस्टॉरंट आणि बार. रिसेप्शनचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, रेस्टॉरंट-बारच्या बिलिंगचं तिच्या थेट प्रतिस्पर्ध्याचं, चॅनल मॅनेजर (ऑनलाइन बुकिंग साइटना खोल्या आणि दर कळवणारं सॉफ्टवेअर) तिसऱ्याचा आणि हिशेब टॅलीत. रूमवर टाकलेली बिलं रिसेप्शनवाला हातानं चढवतो, त्यातली काही राहतात आणि गिऱ्हाईक दाबोळी विमानतळावर पोचल्यावर लक्षात येतं. रिसेप्शन आणि बिलिंगच्या विक्रेत्यांना फोन केला की दोघंही सांगतात, "प्रॉब्लेम त्यांच्या साइडला आहे." शेवटी दोघंही एकच उपाय सुचवतात: सगळं आमच्याकडूनच घ्या. नाहीतर जोडणीचे पैसे वेगळे. तुम्ही विचारताय की सगळं एकाकडून घ्यावं का, आणि नसेल घ्यायचं तर हे पैसे रास्त आहेत का.

बार्देश-तिसवाडीतल्या हॉटेलांत ही जोडाजोडी करून देणं हाच माझा बरीच वर्षं धंदा आहे. मी कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर विकत नाही, त्यामुळे "हे घ्या" असं नाव सांगणार नाही.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. खोल्या आठ-दहा असत्या, बार नसता आणि रेस्टॉरंट म्हणजे सकाळचा नाश्ता एवढंच असतं, तर मी एका ओळीत सांगितलं असतं की एकाकडूनच घ्या आणि शांत झोपा. तुमच्या बारमध्ये बाहेरचं गिऱ्हाईकही येतं. टेबल बदलणं, केओटी (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) रद्द करणं, बिल चौघांत फोडणं हे सीझनमध्ये रोज रात्री चालतं. त्याला दमाचं बिलिंग लागतं. रिसेप्शनच्या सॉफ्टवेअरबरोबर "फ्री मॉड्यूल" म्हणून मिळणारं बिलिंग डिसेंबरच्या गर्दीत धाप टाकतं, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. दुसरं म्हणजे, दोन्ही सॉफ्टवेअर क्लाउडवर आहेत की एखादं रिसेप्शनमागच्या संगणकावर बसलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर जोडणीची पद्धत ठरते. आणि तिसरं, करारांची मुदत कधी संपते. त्यावर तुमची ताकद ठरते. त्याबद्दल शेवटी लिहितो.

"सगळं एकाच कंपनीचं घेतलं की जोडणीचा प्रश्नच मिटतो" हे विधान मात्र थोडं तपासून घ्या. मोठ्या कंपन्यांचे संच बहुतेक वेळा एका हातानं घडलेले नसतात, खरेदी करून जमवलेले असतात. फिडेलिओ हे हॉटेल-सॉफ्टवेअरमधलं जुनं नाव. ती कंपनी मायक्रोसनं घेतली आणि 2014 मध्ये मायक्रोस ओरॅकलनं घेतली. पण हॉटेलचं सॉफ्टवेअर आणि रेस्टॉरंट, टेलिफोन, दाराचं कुलूप यांच्यात निरोप जायचे, त्या निरोपांच्या ठरलेल्या पद्धतीला आजही फियास म्हणतात, आणि त्यातला "फि" फिडेलिओचाच आहे. मजा म्हणजे ही पद्धत प्रतिस्पर्ध्यांनीही उचलली, कारण बिलिंगवाल्यांना ती आधीपासून येत होती. तेव्हा एका छपराखाली आलं म्हणजे शिवण गेली असं नसतं, आणि स्पर्धक आहेत म्हणून बोलणं अशक्य असंही नसतं.

मग अडतं कुठं? यूपीआय बघा. 2016 मध्ये आलं. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांची अ‍ॅप एकाच क्यूआर कोडवर चालतात, कारण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं नियम घालून दिलेत आणि ते न पाळता या बाजारात उतरताच येत नाही. ई-इन्व्हॉइसचंही तेच. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर ठरलेल्याच साच्यात चढवावं लागतं. देशातल्या झाडून सगळ्या बिलिंग कंपन्या मुकाट्यानं तो साचा शिकल्या. रूमवर बिल टाकण्यासाठी असा कायदा नाही. तिथं नियम घालणारा कुणी नसतो, आणि विक्रेत्याला आपणहून प्रतिस्पर्ध्याशी नीट बोलायचं काही कारण नसतं. तुमच्या हॉटेलापुरते एनपीसीआय तुम्हीच व्हायला हवं. म्हणजे कुठली माहिती कुणाची, निरोप कसा जाणार, तो पोचला नाही तर काय, हे तुम्ही ठरवायचं आणि दोघांकडून लिहून घ्यायचं. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, तुमचं हॉटेल तुम्हाला माहीत आहे तेवढं पुरे.

मी काम सुरू करतो ते मालकी ठरवण्यापासून. प्रत्येक माहितीला एकच मालक. पाहुण्याचं नाव, कुठल्या खोलीत, कधी आला, कधी जाणार: मालक रिसेप्शनचं सॉफ्टवेअर. मेनू, केओटी, रेस्टॉरंटचं बिल आणि त्याचा नंबर: मालक बिलिंग. किती खोल्या रिकाम्या आणि कुठल्या दरानं: पुन्हा रिसेप्शन, चॅनल मॅनेजर फक्त पोस्टमन. लेजरची (हिशेबातल्या खात्यांची) नावं: टॅली, म्हणजे खरं तर तुमचा अकाउंटंट. मालक सोडून बाकीच्यांनी ती माहिती वाचायची, बदलायची नाही. विक्रेते "टू-वे सिंक" हा शब्द फार मोठेपणानं वापरतात. तो ऐकला की मी विचारतो, एकाच वेळी दोन्हीकडे बदल झाला तर जिंकणार कोण? याचं उत्तर फार थोड्या जणांकडे असतं.

एकच खोली दोघांना जाणारी डबल बुकिंग तुमच्याकडे होत असतील तर ती बहुधा इथूनच येतात. कुणीतरी घाईत थेट बुकिंग साइटच्या एक्स्ट्रानेटवर (साइटनं हॉटेलला दिलेल्या पानावर) जाऊन दोन खोल्या बंद करतो, तिकडे रिसेप्शनचं सॉफ्टवेअर थोड्या वेळानं आपला जुना आकडा पाठवतं आणि त्या दोन खोल्या पुन्हा उघडतात. यात दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या परीनं बरोबर वागलेली असतात. उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच. एक्स्ट्रानेटचा पासवर्ड मॅनेजरशिवाय कुणाकडे ठेवू नका.

मालकी ठरली की पुढचा प्रश्न: कुठली जोडणी त्या क्षणी हवी आणि कुठली दिवसातून एकदा पुरते? चार सॉफ्टवेअर म्हणजे कागदावर सहा जोड्या होतात. दाराचं कुलूप आणि वायफाय धरलं तर सहा सॉफ्टवेअर, पंधरा जोड्या. सगळ्या करायच्या नसतात. तुमच्याकडे क्षणाक्षणाच्या दोनच: रिसेप्शन आणि बिलिंग, रिसेप्शन आणि चॅनल मॅनेजर. टॅलीला रात्री एक फाइल गेली तरी पुष्कळ झालं. त्यासाठी कुणी तुम्हाला "रिअल टाइम इंटिग्रेशन" विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आता रूमवर बिल टाकण्याची जोडणी जवळून बघू, कारण तुमचे पैसे तिथं गळतात.

रात्री नऊला 204 मधला पाहुणा जेवतो आणि म्हणतो, रूमवर टाका. कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) बिलिंगच्या मशीनवर 204 टाइप करतो. मशीननं रिसेप्शनच्या सॉफ्टवेअरला विचारायला हवं, 204 मध्ये कोण आहे? उत्तरात नाव यायला हवं, आणि दोघं वेगळ्या नावांनी राहत असतील तर दोन्ही नावं. कॅप्टननं नाव विचारून ताडून बघायचं आणि मगच रक्कम पाठवायची. रिसेप्शननं ती फोलिओवर (पाहुण्याच्या खात्यावर) चढवून "चढवली" असं उलट कळवायचं. ते कळल्यावरच बिलिंगनं बिल "रूमवर सेटल" म्हणून बंद करायचं. सगळं सुरळीत असताना हे कुठलंही सॉफ्टवेअर करतं आणि डेमोत हेच दाखवतात. तुम्ही बिघडलेल्या वेळा दाखवायला सांगा.

पहिली वेळ: पाहुण्यानं संध्याकाळीच हिशेब चुकता केलाय, रात्रीचं विमान म्हणून तो बारमध्ये बसलाय. त्याची खोली रिसेप्शनच्या लेखी रिकामी. बिलिंगला "नाही" असं उत्तर यायला हवं, आणि ते कॅप्टनच्या पडद्यावर ठळक दिसायला हवं, म्हणजे तो रोख, कार्ड किंवा यूपीआय मागेल. काही जोडण्यांत हे "नाही" कुठल्यातरी लॉग फाइलमध्ये पडून राहतं आणि बिल मात्र बंद होतं.

दुसरी वेळ जास्त वाईट. रक्कम गेली, फोलिओवर चढलीही, पण "चढवली" हे उत्तर परत येताना नेट गेलं. कॅप्टनला वाटतं गेलंच नाही. तो पुन्हा बटण दाबतो. फोलिओवर 1,840 रुपये दोनदा. सकाळी चेकआउटच्या रांगेत पाहुणा आवाज चढवतो आणि रिसेप्शनवाला घाबरून दोन्ही ओळी काढून टाकतो. यावर उपाय एकच. प्रत्येक निरोपासोबत त्याची न बदलणारी ओळख गेली पाहिजे, आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर रिसेप्शननं नवी ओळ न घालता "हे आधीच मिळालंय" असं कळवलं पाहिजे. ओळख म्हणून नुसता बिल नंबर चालत नाही. तुमची बिलाची मालिका 1 एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होते, आणि जीएसटीच्या नियमात नंबर एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. म्हणून काउंटरचा कोड, आर्थिक वर्ष आणि बिल नंबर, तिन्ही मिळून. हे केलं नाही तर 2 एप्रिलला रेस्टॉरंटचं 17 नंबरचं बिल "आधीच मिळालंय" म्हणून गुपचूप नाकारलं जाईल, आणि ते कळायला मे उजाडेल.

तिसरी वेळ: लाइनच बंद. कळंगुट-कांदोळीत पावसाळी रात्री वीज आणि नेट एकदमच जातात, हे तुम्हाला सांगायला नको. बिलिंगकडे राहत असलेल्या पाहुण्यांची शेवटची यादी साठवलेली असावी, बिलं रांगेत थांबावीत आणि लाइन आल्यावर क्रमानं जावीत. लाइन आल्या आल्या रिसेप्शननं पूर्ण यादी नव्यानं पाठवायची. फियासमध्ये यासाठी वेगळी सोयच आहे. तुमच्या जोडणीत तसं बटण आहे का, विचारा. आणि रिसेप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटी खोली करून ठेवा, 999 म्हणा. ज्या बिलांना घर सापडत नाही ती तिथं पडू द्या. सकाळी मॅनेजरनं आल्यावर पहिलं काम 999 रिकामी करणं. बिल हरवण्यापेक्षा ते चुकीच्या ठिकाणी दिसणं कितीतरी बरं.

नाइट ऑडिटची, म्हणजे रिसेप्शननं रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याची, गोम वेगळीच आहे. हॉटेलची तारीख रात्री बाराला बदलत नाही, नाइट ऑडिट केल्यावर बदलते. बारची तारीख डे-क्लोज (बारचा दिवसाचा हिशेब बंद) केल्यावर बदलते. समजा रिसेप्शनवाल्यानं साडेबाराला ऑडिट उरकलं आणि बार दीडला बंद झाला. मधल्या तासाभरातली बिलं बिलिंगच्या लेखी 24 डिसेंबरची, रिसेप्शनच्या लेखी 25 ची. महिनाअखेरीला बेरीज जुळते, पण रोजची कधीच जुळत नाही, आणि रोज जुळत नाही म्हटल्यावर माणसं जुळवणंच सोडून देतात. खरी गळती मग सुरू होते. क्रम बांधून टाका: आधी बारचा डे-क्लोज, मग नाइट ऑडिट. आणि ऑडिट चालू असताना आलेली पोस्टिंग (रूमवर चढवायच्या रकमा) नाकारायची की थांबवून ठेवायची, हे दोघांकडून विचारून घ्या.

कराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन विक्रेत्यांच्या मधल्या फटीत सापडलेला हॉटेलवाला इथं थेट दंडापर्यंत जाऊ शकतो. एका टेबलावर फिश थाळी आणि फेणी आली तर थाळीवर जीएसटी आणि फेणीवर राज्याचा व्हॅट लागतो, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर हे बरोबर फोडतं. पण फोलिओवर "रेस्टॉरंट 1,840" अशी एकच ओळ गेली तर ती फोड तिथंच संपली. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी रिसेप्शनचं सॉफ्टवेअर त्या ओळीवर पुन्हा कर लावतं. म्हणून दोन गोष्टी लिहून घ्या: पोस्टिंग जाताना खाणं, दारू, जीएसटी, व्हॅट असे वेगवेगळे आकडे जातील, आणि फोलिओवर त्या ओळी "कर आधीच लागलेला" अशा खात्यात बसतील.

दुसरी बाब अनेकांच्या ध्यानातच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करता येत नाही). त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. तुमची खोली जुलैत 2,500 ला आणि नाताळात 9,000 ला जात असेल तर दर दिवसागणिक बदलणार, तेवढं रिसेप्शनचं सॉफ्टवेअर सांभाळतं. पण 1 एप्रिल 2025 पासून हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा दरही आदल्या आर्थिक वर्षातल्या खोल्यांच्या विक्रीवर ठरतो. एखादी जरी खोली एका दिवसाला 7,500 च्या वर विकली गेली असेल, तर पुढच्या वर्षी तुमचं रेस्टॉरंट 5 ऐवजी 18 टक्क्यांत, इनपुट क्रेडिटसह. म्हणजे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 31 डिसेंबरला पडलेली एक नोंद तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या सॉफ्टवेअरमधला कराचा दर 1 एप्रिलपासून बदलते, आणि त्या दोघांत याबद्दल एक शब्दही बोलला जात नाही. ही जोडणी कुठलीही तार करणार नाही. मार्चमध्ये रिसेप्शनमधून वर्षातल्या सगळ्यात महागड्या खोलीचा रिपोर्ट काढायचा, तुमच्या सीएला दाखवायचा आणि बिलिंगमधला दर बदलायचा की नाही ते त्यांच्याकडून लेखी घ्यायचं.

चॅनल मॅनेजरबद्दल थोडक्यात, कारण या भागात जग बरंच पुढे गेलंय. ओपनट्रॅव्हल अलायन्स 1999 मध्ये निघाली आणि तिनं बुकिंग, रद्द, दर, उपलब्धता यांच्या निरोपांचे साचे ठरवले. बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकानं तेच वापरतात. चुका होतात त्या जुळणीत. एका साइटवर "डिलक्स बाल्कनी", दुसरीवर "सुपीरियर", तुमच्याकडे "डीएलएक्स-2". ही जुळणी विक्रेत्याच्या पोरावर सोडू नका, स्वतः बसून करा. नाश्त्यासह आणि नाश्त्याविना हे दोन वेगळे दर आहेत, हेही त्यात आलं. शिवाय काही साइट पाहुण्याकडून स्वतः पैसे घेऊन कमिशन कापून तुम्हाला देतात, काही तुम्हाला वसूल करायला सांगतात. फोलिओवर हा फरक दिसला नाही तर रिसेप्शनवाला आधीच पैसे भरलेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागतो.

दोन खोड्या आवर्जून तपासा. क्लाउडवरची सॉफ्टवेअर बऱ्याचदा वेळ ग्रीनिचच्या हिशेबानं पाठवतात. आपण साडेपाच तास पुढे. 24 डिसेंबर सुरू होतानाचे रात्रीचे बारा ही आपली वेळ तिकडे 23 डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा होते. पुढच्यानं त्यातली नुसती तारीख उचलली की पाहुणा एक दिवस आधी येतोय असं दिसतं. हे सगळ्याच बुकिंगना होत नाही, काहींनाच होतं, म्हणून पकडायला कठीण. दुसरी खोडी नावांची. पोर्तुगीज आडनावातलं शेपटीवालं सी किंवा डोक्यावर लाट असलेलं ए एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना प्रश्नचिन्ह होतं. रशियन पाहुण्याचं नाव सिरिलिकमध्ये आलं तर सगळंच नाव प्रश्नचिन्हांचं. बारमध्ये ताडून बघायला नावच उरत नाही, आणि परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचा सरकारी फॉर्म 24 तासांत भरायचा तो पासपोर्टावरून पुन्हा हातानं. दोन्ही बाजूंना यूटीएफ-8 (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) चालतं का, एवढं विचारायचं आणि अशा दोन-तीन नावांची चाचणी समोर बसून घ्यायची. पासपोर्टचा तपशील मात्र बिलिंगकडे जाता कामा नये. बारला नाव आणि खोली पुरते.

टॅली जोडायला सोपी, नाराज करायलाही सोपी. ती एक्सएमएल फाइल घेते, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरनं थेट बोलायचं म्हटलं तर साधारणपणे 9000 नंबरच्या पोर्टवर ऐकते. पण लेजरचं नाव अक्षरशः तेच लागतं. अकाउंटंटनं "रेस्टॉरंट सेल्स"चं "रेस्टॉरंट सेल 5%" केलं की त्या रात्रीची फाइल अडकली. नावं एकदा ठरवा, त्यांचा कागद करा आणि बदलायचं झालं तर दोन्ही विक्रेत्यांना कळवल्याशिवाय नाही. प्रत्येक बिल टॅलीत न्यायचा हट्टही सोडा. रोज प्रत्येक काउंटरचं एक व्हाउचर, त्यात कराप्रमाणे फोड. फक्त जीएसटी नंबर देणाऱ्या कंपन्यांची बिलं एकेक जाऊ द्यात, कारण रिटर्नमध्ये ती एकेकच दाखवावी लागतात.

इथवरचं थोडक्यात: माहितीला एकच मालक, क्षणाची जोडणी दोनच ठिकाणी, प्रत्येक निरोपाला स्वतःची ओळख, आधी बार बंद मग ऑडिट, आणि कराची फोड फोलिओपर्यंत.

आता विक्रेते. दोघांशी वेगवेगळं बोलणं आजपासून बंद करा. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसून याद्या करतात, कुणी काय करायचं ते लिहितात आणि खाली सह्या करतात. तशीच बैठक इथं हवी. ऑनलाइन चालेल, पण दोघं एका पडद्यावर आणि तुम्ही मध्ये. "आमच्याकडून गेलं" आणि "आमच्याकडे आलंच नाही" हा वाद तोंडी कधीच संपत नाही. दोघांनी एकाच बिलाचा लॉग उघडून दाखवायचा: किती वाजता गेलं, नेमकं काय गेलं, किती वाजता काय उत्तर आलं. त्याआधी दोन्ही मशीनची घड्याळं इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्या. घड्याळात सहा मिनिटांचा फरक असेल तर लॉगवर लॉग ठेवून काहीच कळत नाही, आणि बैठक त्यातच संपते.

"आमच्याकडे एपीआय आहे" हे ऐकून समाधान मानू नका; एपीआय म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला आत येण्याचं दार, पण ते किती उघडतं ते विचारा. पाहुण्याची माहिती नुसती वाचता येते की फोलिओवर लिहिताही येतं? कागदपत्रं सगळ्यांना खुली आहेत की फक्त "पार्टनर"ना? चाचणीसाठी वेगळी प्रत मिळते का, की तुमच्या चालू हॉटेलावरच प्रयोग होणार? एपीआयमध्ये बदल करायचा झाला तर किती आधी कळवणार? यातला शेवटचा प्रश्न लेखी घ्याच. जोडणी एकदा चालू झाली की ती बंद पडते ती बहुधा कुणाच्या तरी अपडेटनं, आणि अपडेट नेमकं गर्दीच्या आठवड्यात येतं. 15 डिसेंबर ते 5 जानेवारी कुणीही काहीही बदलायचं नाही असं कलम मी प्रत्येक करारात घालायला लावतो. हो म्हणतात, विचारलं तर.

काम पावसाळ्यात करा. जूनमध्ये सुरू केलं तर गणेश चवथीआधी चाचण्या होतात आणि सप्टेंबरभर दोन्ही पद्धती, हातानं आणि जोडणीनं, बरोबरीनं चालवून आकडे ताडता येतात. रोज सकाळी दोन आकडे: बिलिंगमध्ये "रूमवर सेटल" किती, आणि रिसेप्शनमध्ये रेस्टॉरंटची पोस्टिंग किती. चेकआउटची गर्दी सुरू व्हायच्या आत फरक शोधायचा. जोडणी चालू झाल्यावरही हे सोडू नका. पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. पैसे मागणं गैर नाही. जोडणी राखायला माणूस लागतो, आणि फुकटची जोडणी बंद पडल्यावर फोन उचलायला कुणी नसतं. पण दोघंही मागत असतील तर फोड मागा: एकदाचं बसवण्याचं काम किती, दर वर्षाची देखभाल किती, आणि त्या देखभालीत नेमकं काय येतं. तीच जोडणी दोघांनी आधी दुसऱ्या हॉटेलांत केली असेल तर बसवण्याचे पैसे कमी व्हायला हवेत. तशी दोन हॉटेलं सांगायला सांगा आणि तिथल्या रिसेप्शनवाल्याशी बोला, मालकाशी नको. पहिल्यांदाच करत असतील तर तुम्ही त्यांची प्रयोगशाळा आहात, तेव्हा सूट तुम्ही मागायची. हप्ते करा, आणि शेवटचा हप्ता डेमो झाल्यावर देऊ नका. एका पूर्ण महिन्याचा टॅलीचा मेळ बसल्यावर द्या.

कुणी जोडायला साफ नकार दिला, किंवा तुमचाच डेटा बाहेर काढून द्यायचे पैसे मागितले, तर मात्र बदलायची वेळ आली असं समजा, सॉफ्टवेअर कितीही आवडतं असलं तरी. त्यासाठी कराराची मुदत बघा. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी तुमच्या शब्दाला जी किंमत असते ती पैसे भरल्यावर उरत नाही. दोन्ही करार कधी संपतात, आणि बिलिंग क्लाउडवर आहे की तिथल्याच संगणकावर, एवढं कळवलंत तर कुणाशी आधी बोलायचं आणि कलमं कशी लिहायची ते सांगू शकेन.